खातेनिहाय चौकशीत (डीईत) साक्षीदार बोलावलेच नाहीत, अहवालाची प्रतही नाही, आता थेट बडतर्फीची नोटीस

दाजींसाठी_विचारतोय:
नमस्कार मंडळी, दाजी ग्रामसेवक आहेत. पाणीपुरवठ्याच्या बिलात अपहार म्हणून निलंबित केलं, दोषारोपपत्र आलं, त्यांनी बचावाचं निवेदन पण दिलं. चौकशी अधिकाऱ्यांपुढे दोनच तारखा झाल्या. साक्षीदारांच्या यादीत सरपंच आणि विस्तार अधिकारी आहेत पण बोलावलं एकालाही नाही, प्राथमिक चौकशीतले जबाब फाईलला लावले आणि झालं. मूळ कॅशबुक बघायला मागितलं तर तोंडीच सांगितलं, ऑडिटला गेलंय. आता नोटीस आलीय की दोष सिद्ध झालाय, बडतर्फ का करू नये. सोबत चौकशी अहवाल नाहीच. ऑफिसातले म्हणतात दोन ओळींचा खुलासा देऊन माफी मागा, साहेब बघून घेतील. काय करावं?

कायदा_कट्टा:
१९७९ च्या शिस्त व अपील नियमातला नियम ८ वाचा, सगळं त्यात आहे. मॅटला, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जा, स्टे मिळेल.

आस्थापना_रिटायर्ड:
अहो थांबा, ग्रामसेवक झेडपीचा माणूस. त्यांना १९७९ चे, म्हणजे राज्य सरकारी नोकरांचे नियम नाही, जिल्हा सेवा शिस्त व अपील नियम १९६४ लागतात, मॅट पण नाही. अपील विभागीय आयुक्तांकडे, पुढे हायकोर्ट. चुकीच्या दारात गेलात तर वर्ष तिथंच जातं.

माफीबिफी अजिबात लिहू नका, ती कबुली म्हणून वाचली जाते. आधी लेखी अर्ज द्या की अहवालाची प्रत मिळाल्याशिवाय खुलासा देता येत नाही, प्रत मिळाल्यावर मुदत द्या, आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. सुप्रीम कोर्टाचा १९९३ चा ईसीआयएल विरुद्ध करुणाकर निकाल यावरच आहे, आणि तो फक्त सरकारी नोकरांपुरता नाही. पण त्यातच मेख आहे, प्रत दिली नाही एवढ्यावर शिक्षा आपोआप रद्द होत नाही, त्यामुळे तुमचं नुकसान काय झालं ते दाखवावं लागतं. म्हणून मोघम 'नैसर्गिक न्यायाचा भंग' लिहून भागायचं नाही. कुठला जबाब, कुणाचा, उलटतपासणी मिळाली असती तर काय विचारलं असतं, कॅशबुकातल्या कुठल्या नोंदीनं बचाव झाला असता, तसं लिहा. नुसते कागद फाईलला लावले म्हणजे आरोप सिद्ध होत नाही, यावर सुप्रीम कोर्टाचाच रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक निकाल, २००९ बघा.

कॅशबुकची मागणी तोंडी केली असेल तर ती केलीच नाही असं समजा. आता लेखी करा, माहिती अधिकारात पण टाका.

खडूस_नाना:
हे सगळं ठीक, पण दाजींनी पैसे घेतले का नाही ते कुणी विचारलंच नाही 😄 चौकशीतल्या चुकीवर जिंकलात तरी कोर्ट बहुतेक वेळा म्हणतं, चुकलेल्या टप्प्यापासून पुन्हा चौकशी करा. आमच्या ओळखीतल्या एकाचं तसंच झालं, दुसऱ्या फेरीत साक्षीदार नीट आणले आणि नोकरी गेलीच.

दाजींसाठी_विचारतोय:
@नाना पैसे नाही घेतले हो, काम झालंय, मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवतात त्यात, उपअभियंत्याची सही आहे. मग तीच नोंद मांडून अर्ज करतो. बचाव सहायक, म्हणजे चौकशीत आपली बाजू मांडायला मदत करणारा माणूस, आता या टप्प्यावर मागता येतो का?

आस्थापना_रिटायर्ड:
तुमच्याच खात्यातला एखादा निवृत्त माणूस गाठा आणि मागा, नाकारला तर नाकारल्याचं पत्र तरी हातात येईल. मोजमाप पुस्तकाची साक्षांकित प्रत मात्र आजच काढा.