शब्दचर्चा : तुर्की 'कदेर', आपली तकदीर आणि तकसीर

प्रश्न

तुर्कस्तानातल्या २०२३ च्या भूकंपावरचा एक लेख मराठीत आणते आहे. ८ फेब्रुवारीला भूकंपग्रस्त पाझारजिकमध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोआन म्हणाले की अशा गोष्टी नेहमीच घडत आल्या आहेत, त्या 'कदेर प्लानी'तल्या आहेत. मी 'नियतीचा खेळ' लिहिलं, मैत्रीण म्हणते 'दैवयोग' लिही. आणि राज्य आणि धर्म यांच्या नात्याबद्दलच्या तुर्की 'लाइक' (laik) या शब्दाला 'धर्मनिरपेक्ष' चालेल ना?

प्रतिसाद

ताई, दोन्ही नकोत. दैवयोगात योगायोग आहे, खेळात लहर आहे. 'कदेर'मध्ये यातलं काहीच नाही. अरबी धातू क-द-र, अर्थ मोजणं, माप ठरवणं. अल्लाने मापून नेमून ठेवलेलं ते कदेर. आपली 'तकदीर' त्याच धातूची आणि 'कदर'ही त्याचीच. तुर्कीत 'तक्दिर एतमेक' म्हणजे चक्क कदर करणं! ते 'कादिर कियमेत' म्हणतात तिथे आपण 'कदर' आणि 'किंमत' हे शब्द वापरतो. बोलीत कदेरला 'आलिन याझिसी' असाही शब्द आहे, म्हणजे कपाळावरचं लिखाण. सटवाई ज्यांच्या ओळखीची आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून माझं मत 'विधिलिखित'. 'प्लान'साठी 'विधिलिखिताचा भाग' म्हणा.

पण त्या वाक्यावर तुर्कस्तानात संताप का उसळला, हे नुसत्या 'विधिलिखित'ने वाचकाला कळणार नाही. ६ फेब्रुवारीला पहाटे ४:१७ ला ७.८ चा धक्का बसला, दुपारी ७.५ चा दुसरा. एकट्या तुर्कस्तानात ५३ हजारांहून जास्त माणसं गेली. कितीतरी ठिकाणी एक इमारत जमीनदोस्त आणि शेजारची उभी होती. २०१८ साली सरकारने 'इमार बारिशी' नावाची योजना आणली होती, पैसे भरून बेकायदा बांधकामं नियमित करून घेण्याची. 'इमार' आणि आपली 'इमारत' सख्खी भावंडं, 'बारिश' म्हणजे शांतता, तह. त्याआधीच्या अशा योजनांना 'इमार अफी' म्हणत. त्यातला 'अफ' आणि आपलं 'माफ' एकाच धातूचे. माफीला तहाचं नाव मिळालं. भाषेच्या माणसाने इथे थांबून विचार करायलाच हवा.

प्रतिसाद

म्हणजे धार्मिक लोक कदेर म्हणतात आणि लाइक लोक विज्ञान म्हणतात, असंच ना?

प्रतिसाद

नाही हो दादा, आणि म्हणूनच हा धागा मला महत्त्वाचा वाटतो. ती मांडणी आहे खरी. १७ ऑगस्ट १९९९ च्या गोल्जुक-इझमित भूकंपानंतर 'येनी आस्या' या धार्मिक दैनिकाचे मालक मेहमेत कुतलुलर यांनी भूकंप हा ईश्वरी इशारा असल्याचं म्हटलं. तेव्हाच्या कडक लाइक राज्याने त्यांना तुरुंगात धाडलं. शब्दांचीसुद्धा वाटणी झालेली आहे. 'झेलझेले' हा कुराणातला शब्द, ९९ वी सूरा त्याच नावाची. भाषाशुद्धीच्या काळात त्याच्या जागी तुर्की धातूवरून 'देप्रेम' आला, आज बहुतेक सगळे तोच वापरतात.

पण धर्माच्या आतच दुसरे शब्द आहेत, आणि ते जास्त धारदार आहेत. जुनी म्हण आहे, 'तेदबिर कुलदान, तक्दिर अल्लाहतान' : तदबीर (उपाय, खबरदारी) माणसाची, तकदीर अल्लाची. दुसरी, 'गाढव आधी मजबूत खुंटाला बांध, मग अल्लाच्या हवाली कर.' तिथे 'हवाली'साठी शब्द आहे 'एमानेत', आपल्या 'अनामत'चं मूळही तोच अरबी शब्द. आणि 'कुल हक्क' : एका माणसाचं दुसऱ्यावर असलेलं देणं. ते बुडवलं तर श्रद्धेनुसार अल्लाही माफ करत नाही, ज्याचं बुडवलं त्यानेच 'हेलाल' करावं लागतं, म्हणजे ते देणं सोडून द्यावं लागतं. २७ फेब्रुवारी २०२३ ला भूकंपग्रस्त अदियामान शहरात एर्दोआन यांनी मदत उशिरा पोहोचल्याबद्दल लोकांकडे 'हेलालिक' मागितलं, ते याच अर्थाने. त्याचं 'दिलगिरी' असं भाषांतर केलंत तर सगळं वजन जाईल. ज्यांना ते हेलाल करायचं होतं त्यांतले कितीतरी ढिगाऱ्याखाली संपले होते. कमी लोखंड आणि निकृष्ट काँक्रीट वापरणाऱ्या बांधकामवाल्याला श्रद्धाळू माणूस याच शब्दांत जाब विचारतो.

आता न्यायालयातला शब्द बघा. अदियामानच्या इसियास हॉटेलात ७२ जण गेले, त्यांत उत्तर सायप्रसहून व्हॉलीबॉल खेळायला आलेली शाळकरी मुलं होती. डिसेंबर २०२४ मध्ये शिक्षा झाली ती 'बिलिंचली तक्सिर'साठी. मुलांच्या आईबापांची मागणी त्याहून गंभीर गुन्हा धरावा अशी होती. 'तक्सिर' म्हणजे हयगय, आणि तो आपलाच जुना शब्द आहे : 'तकसीर माफ असावी' मधला. 'बिलिंचली तक्सिर' म्हणजे धोका दिसत असूनही केलेली तकसीर. एक अक्षर बदललं की तकदीर. तुर्कस्तानातला सगळा वाद या एका अक्षरावर उभा आहे.

प्रतिसाद

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचे. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. आजी 'धरणीकंप' म्हणायची आणि पुढे 'देवाची करणी'. आजोबा दर वेळी तिला अडवायचे : 'देवानं न्हाई, माळवदानं मारलं.' मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचं ओझं. तुर्कस्तानात 'भूकंप नाही, इमारत मारते' अशी घोषणा असल्याचं वाचलं तेव्हा आजोबाच आठवले. पुण्यामुंबईत इमारत नियमित केल्याची बातमी आली की मी तरी आधी तो स्लॅब कोणी तपासला हे शोधतो.

प्रतिसाद

ताई, 'लाइक' राहिलंच. शब्द फ्रेंच. त्याआधी झिया गोकाल्प वगैरे तुर्की विचारवंत 'लादिनी' म्हणत, आपल्या जुन्या 'निधर्मी'सारखा. १९३७ मध्ये ते तत्त्व राज्यघटनेत आलं. पण १९२४ मध्ये ज्या दिवशी खिलाफत गेली त्याच दिवशी दियानेत हे सरकारी धर्मखातं जन्माला आलं. इमाम सरकारी पगारी. धर्मापासून अलिप्त राहणं नव्हे, धर्म राज्याच्या हाताखाली ठेवणं. 'धर्मनिरपेक्ष' लिहिलंत तर वाचक आपल्याकडचा सर्वधर्मसमभाव मनात आणेल. 'लाइक'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य खर्च करा.

प्रश्नकर्तीचं उत्तर

'विधिलिखिताचा भाग' घेतलं. 'दिलगिरी' खोडून 'हेलालिक' ठेवलं, खाली दोन ओळींची टीप. लेखात 'तक्सिर' तीनदा आला होता आणि मी तिन्ही ठिकाणी 'चूक' लिहिलं होतं. तिथे आता 'तकसीर' आहे.