लेक अमेरिकेत डॅलसला, परवा बर्फाचं वादळ येतंय. काय सांगू तिला?

विजापूररोडची_आई
इथं सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू आहे, घर पाहुण्यांनी भरलंय, पण माझं कशात लक्ष नाही. लेक-जावई डॅलसला, नातू 7 महिन्यांचा. परवापासून बर्फ आणि गोठणारा पाऊस सांगितलाय. घरात शेगडी, हीटर, गरम पाणी सगळं विजेवर. 2021 च्या फेब्रुवारीत तिथं लाखो घरं अंधारात होती म्हणे. 43 डिग्रीत कसं राहायचं ते मी सांगेन, शून्याखालचं मला काही कळत नाही. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी सांगा की.

मूळचा_सोलापूरकर
काकू, 2021 ला मी तिथंच होतो. पारा उणे 19 वर गेला होता. आधी पाण्याचं बघा. पाणी गोठताना फुगतं आणि पाइप फोडतं. बाहेरच्या भिंतीकडचे नळ रात्रभर बारीक धारेनं चालू ठेवायचे, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी. मुख्य वॉल्व कुठं आहे तो आजच उजेडात शोधायला सांगा. आमच्या शेजाऱ्यांचा पाइप फुटलेला कळला तो बर्फ वितळल्यावर. माळ्यावरून धार लागली आणि ते टॉर्च घेऊन वॉल्व हुडकत होते.

गोठणारा पाऊस तर बर्फापेक्षा वाईट. वरून पाणीच येतं, पण तारेवर, फांदीवर, रस्त्यावर पडलं की काच होते. त्या वजनानं तारा तुटतात. गाडी काढू नका म्हणावं.

नर्स_जुळे_सोलापूर
ताई, हे आधी कळवा: कितीही गारठलं तरी कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात नको, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून उबेला बसायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, माणूस झोपेतच जातो. 2021 ला तिथं अशी माणसं गेलीत. हा वायू ओळखणारा अलार्म घरात असतो, त्याची बॅटरी बघायला सांगा.

बाळाला एकावर एक पातळ कपडे, पण झोपताना सुटं पांघरूण नको, तोंडावर येतं. सगळ्यांनी एकाच खोलीत राहायचं. बाळ वरच्या दुधावर असेल तर पाणी आत्ताच उकळून ठेवा.

साखरपेठ
दाराच्या फटीला आपले टॉवेल गुंडाळून लावायचे, वारा अडतो. फ्रीज सारखा उघडायचा नाही, भरलेला फ्रीझर बंद राहिला तर 48 तास टिकतो. आणि कडक भाकरी! तिला चूल लागत नाही, वीज लागत नाही.

विजापूररोडची_आई
फोन झाला. वॉल्व अंगणातल्या जमिनीतल्या पेटीत निघाला, पण झाकण उघडायची चावी नव्हती. जावई ती आणायला गेलेत. अलार्मची बॅटरी संपलेलीच होती, तीही आणतायत. ज्वारीचं पीठ आहे तिच्याकडं, शेंगाची चटणी मीच दिवाळीत पाठवलेली. आज रात्रीच भाकऱ्या थापून मंद आचेवर कडक करून ठेव म्हटलंय. भाकरी फुगत नाही म्हणून रडकुंडीला येते ती, म्हणून आत्ता व्हिडिओवर बसते तिच्यासमोर.