चीनहून फवारा पंपाच्या मोटारी मागवायच्यात, पहिल्यांदाच. कुणी मागवल्यात का?

जालन्याचा_फवारा (५ नोव्हेंबर २०२५)

राम राम मंडळी. जालन्याला माझं छोटं शेड आहे. १६ लिटरचे बॅटरीवरचे फवारा पंप जोडून विकतो. टाकी, पट्टे, लान्स (फवाऱ्याची दांडी) इकडंच घेतो. आतली १२ व्होल्टची मोटार (डायफ्राम पंप) मात्र मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घ्यावी लागते, जीएसटी सोडून ३४० रुपयाला. त्याच्या खोक्यावर चीनचा शिक्का असतोच, म्हणून म्हटलं आपणच का मागवू नये.

अलीबाबावर चौकशी टाकली तर एका रात्रीत चाळीस जणांचे मेसेज. त्यातली एक लिली म्हणून आहे, ताइचौ गावची, ती रोज 'डिअर फ्रेंड' म्हणून विचारते. भाव २.३५ डॉलर, निंगबो बंदरात पोच, कमीत कमी ५०० नग. सगळ्याला 'येस, नो प्रॉब्लेम' म्हणते, त्याचीच धास्ती वाटायली. इंग्रजी माझं यथातथा. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) अजून काढलं नाही. सीझनला माल पाहिजे. कुठून सुरुवात करू?

---

सेलूकर

मी पण हाच विचार करायलोय, धाग्यावर बसून राहतो. एक विचारू का, फवारणीचा आख्खा ड्रोन आणता येतो का हो तिकडून?

---

मोंढा_नाका

सेलूकर, नाही. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन आणि संरक्षणासारखे अपवाद सोडून. सुटे भाग येतात. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथं जालनेकरांचं काम राहील बाजूला.

जालनेकर, मी संभाजीनगरहून दहाएक वर्षं चीनचा माल आणतोय, शिलाईचे आणि पॅकिंगचे सुटे भाग. आधी तुमचा हिशोब करू, बाकी मग.

२.३५ डॉलर म्हणजे ८८ च्या भावानं २०७ रुपये. भाडं-विमा धरून न्हावा शेवाला नग २२० ला पडला समजा. ड्युटी वस्तूच्या एचएसएन नंबरावर (वर्गवारीच्या कोडवर) ठरते. समजा मूळ ड्युटी १०% लागली, तर तिच्यावर १०% समाजकल्याण अधिभार, म्हणजे ११%. झाले २४४. आता क्लिअरिंग एजंट (कस्टममधून माल सोडवणारा), गोदामाचं भाडं, बंदरावरचे फुटकळ खर्च, ट्रक. छोट्या मालाला दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये जागा मिळते, पण हे खर्च नगावर नसतात, खेपेवर असतात. २५ हजार धरा. ५०० नगाला भागा, ५० रुपये. म्हणजे २९४, बँकेचे चार्जेस धरून ३००.

४० रुपये वाचले. ५०० नगांचे वीस हजार. १५ नग खराब निघाले तर त्यातले साडेचार हजार गेले. त्यात तुमचे तीन महिने.

वर १८% आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आहे, नगाला ४४ रुपये. तो नंतर क्रेडिटमध्ये मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्याच्या सोप्या जीएसटी योजनेत) असाल तर मिळतच नाही, मग कशाला बा करता हा खटाटोप.

२००० नग घेतले तर खेपेचा खर्च थोडा वाढला तरी नगाला १७-१८ रुपयांवर येतो आणि मग गणित जमतं. पण पहिल्याच खेपेला २००० घेऊ नका. पहिली खेप शिकायची फी समजून ५०० चीच घ्या, नफ्याची आशा ठेवू नका.

---

जालन्याचा_फवारा

दादा, डोळे उघडले. लिलीनं नुसतं २.३५ म्हटलं आणि मी मनातल्या मनात शेड वाढवून बसलो होतो. कंपोझिशनमध्ये नाही, रेग्युलर जीएसटी आहे.

पण भाव हे एकच कारण नाही. मुंबईच्या मोटारी औषधानं गळायल्यात. शेतकरी सोयाबीनला, कपाशीला तेलकट औषधं मारतो, ईसी असतात ती. दुसऱ्या सीझनला आतलं रबर (सील) फुगून येतं, आणि पंप माझ्या दारात.

---

लातूरची_ताई

भाऊ, हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं! तुम्हाला स्वस्त मोटार नकोय, वेगळ्या रबराची मोटार पाहिजे. हे लिलीला सांगितलं का? नसेल तर ती तुम्हाला तीच मोटार पाठवणार, जी मुंबईवाल्याला पाठवते.

रबरात ईपीडीएम म्हणून प्रकार असतो, पाण्याला चांगला, पण तेलाला आणि तेलकट सॉल्व्हंटला टिकत नाही, फुगतो. ईसी औषधात असलंच सॉल्व्हंट असतं. त्याला व्हायटन नावाचं रबर लागतं, महाग असतं पण टिकतं. माझा मसाल्याचा पॅकिंगचा व्यवसाय आहे, मिरचीच्या तेलानं मशीनचे सील जायचे तेव्हा हे सगळं शिकले.

आता बोलायचं कसं ते सांगते. लिलीचं इंग्रजी तुमच्याइतकंच असतं. तुमचा मेसेज ती भाषांतर ॲपात टाकते आणि उत्तरही तिकडूनच येतं. म्हणून चार ओळींचं लांब वाक्य लिहिलं की तिकडं भलताच अर्थ पोचतो. एका मेसेजात एकच प्रश्न. आकडे एककासकट. 'चांगल्या दर्जाचं सील' असं लिहू नका, त्याला अर्थच नाही. सीलचं नाव लिहा, दाब किती बार, मिनिटाला किती लिटर, १२ व्होल्टला करंट किती अँपिअर. मोटारीचा फोटो काढा, ज्या भागाबद्दल बोलताय त्यावर लाल बाण काढा. व्हॉइस मेसेज तर नकोच.

आणि 'हो ना?' असा प्रश्न विचारायचा नाही. 'सील व्हायटनचं आहे ना?' विचारलं की येसच येणार. 'सील कशाचं आहे?' विचारायचं. उत्तर न देता हसरा चेहरा पाठवला की समजायचं, तिला माहीत नाही, कारखान्यात विचारून येते. त्यात वाईट काही नाही, थांबायचं.

त्यांच्यात एक शब्द आहे, छा-पू-तुओ. साधारण तसंच, जवळपास, चालून जाईल असा. आपल्या 'होतंय की'चा सख्खा भाऊ. मी माझ्या लिलीला (माझीचं नाव व्हिवियन) एकदा लिहिलं, 'नो छा-पू-तुओ प्लीज'. इतकी हसली की त्यानंतर मापं बरोबर यायला लागली.

---

सेलूकर

ताई, आणि बोलायचं कशावर? वीचॅट तर चालत नाही आपल्याकडं.

---

लातूरची_ताई

हो, २९ जून २०२० ला ५९ ॲप बंद केली त्यातच वीचॅट गेलं. आणि त्यांच्याकडं व्हॉट्सॲप बंद. ते लोक आडवाटेनं व्हॉट्सॲप लावतात, म्हणून कधी दोन दिवस नुसती एक टिक दिसते, घाबरायचं नाही. पण मी ठरवाठरवीचं सगळं अलीबाबाच्याच चॅटमध्ये करते. उद्या भांडण झालं तर तिथलं लिखाण पुरावा म्हणून चालतं. त्यांचं ट्रेड अशुरन्स (घेणाऱ्याच्या पैशाची अलीबाबाची हमी) घेतलं तरी करारात जे लिहिलंय त्यालाच संरक्षण, फोनवर काय ठरलं ते कुणी विचारत नाही.

वेळ: ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. सकाळी साडेनऊ ते अकरा फोन करू नका, त्यांचं जेवण आणि डुलकी असते. साडेतीनला त्यांचे सहा वाजतात. मी सकाळी आठला बोलते, घरात पोरांचे डबे चालू असतात तेव्हाच.

---

गुलमंडी_८६

वरच्या सगळ्यांनी माल कसा घ्यायचा ते सांगितलं, मी पैसे कसे गेले ते सांगतो.

तीन वर्षांचा ओळखीचा कारखाना. चौथ्या ऑर्डरला मेल आली, आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी दुसऱ्या खात्यावर भरा. मेलवर तोच लोगो, तीच सही, खाली आमच्या मागच्या पत्रांची साखळी पण तीच. मी ४,२०० डॉलर भरले. आठ दिवसांनी कारखानावाला विचारतो, पैसे कधी पाठवताय? नंतर पाहिलं तर मेलच्या पत्त्यात एका अक्षराचा फरक होता. कुणीतरी मधे बसून आमची सगळी पत्रं वाचत होतं. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार केली, बँकेत चकरा मारल्या. पैसे आले नाहीत. घरी दोन महिने सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून खातं बदललं म्हटलं की मेलला उत्तर देत नाही. व्हिडिओ कॉल, तोही माझ्याकडं आधीपासून असलेल्या नंबरवर. समोर ओळखीचं तोंड दिसलं पाहिजे. आणि खात्यावरचं नाव परवान्यावरच्या कंपनीचंच पाहिजे. मालकाच्या मेव्हण्याच्या नावावर, 'पर्सनल अकाउंट, फास्टर डिअर' म्हटलं की तिथंच राम राम.

---

जालन्याचा_फवारा

गुलमंडी भाऊ, लिहिलंत हे बरं केलंत. परवाना म्हणजे नक्की काय मागायचं?

---

मोंढा_नाका

व्यवसाय परवाना मागा. त्यावर १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो, कंपनीचं चिनी नाव आणि व्यवसायाचं क्षेत्र लिहिलेलं असतं. भाषांतर ॲपचा कॅमेरा त्यावर धरा. उत्पादन असं दिसलं तर कारखाना असण्याची शक्यता, नुसती विक्री आणि आयात-निर्यात असेल तर व्यापारी. व्यापारी वाईटच असं नाही. तुम्हाला मोटार, स्विच, नोझल एकाच खेपेत पाहिजे असेल तर व्यापारीच बरा, कारखाना तेवढ्यासाठी उभा करणार नाही. पण कारखाना म्हणून भाव घेऊन व्यापारी निघायला नको.

मग व्हिडिओ कॉल. फाटकापासून चालत आत यायला सांगायचं, पाटी दाखवायची, जोडणीची लाइन दाखवायची. 'आज मशीन बंद आहे' असं दोनदा झालं की सोडून द्या. ताइचौ तसं पंपांचं आणि फवाऱ्यांचंच गाव आहे, तुमची लिली चुकीच्या ठिकाणची नाही.

प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर (माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल) सगळं लिहून घ्या, सीलच्या रबरासकट, आणि त्यांचा गोल लाल शिक्का घ्या. सही नसली तरी एकवेळ चालेल, तिकडं मान शिक्क्याला. पैसे ३०% आधी, ७०% माल तयार झाल्यावर. ते ७० भरण्याआधी तपासणी करून घ्या. त्रयस्थ तपासणी कंपन्या आहेत, माणूस कारखान्यात जाऊन खोकी फोडून फोटोसह रिपोर्ट देतो. ५०० नगाला महाग वाटेल. मी तरी करतो.

चार्जर आणि लिथियम बॅटरी त्यांच्याकडून आणू नका. दोन्हीला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते, लिथियमला बोटीवर धोकादायक मालाचे कागद वेगळे. इकडं घ्या.

---

बँकवाला_नांदेड

दोन ओळी माझ्या. आयईसी पॅनवर निघतं, डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या) साइटवर ऑनलाइन, फी ५०० रुपये. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये ते अपडेट करावं लागतं, फुकट आहे, पण विसरलात तर बंद पडतं. पैसे फक्त बँकेतून पाठवा. 'दुबईच्या मित्राकडून भरतो' हा बेकायदा धंदा आहे, त्यात पडू नका. आणि माल सुटला की बिल ऑफ एंट्री (माल आल्याचा कस्टमचा कागद) बँकेला द्या, नाहीतर आमच्या सिस्टीममध्ये तुमचे पैसे 'माल आलाच नाही' म्हणून लटकत राहतात आणि पुढच्या वेळी अडतं.

तालुक्याच्या शाखेत विचाराल तर तोंडाकडं बघतील. फॉरेक्स (परदेशी चलनाचं काम) होतं अशा शाखेत आधी खातं हलवा. आमच्याच लोकांबद्दल लिहितोय, काय करणार.

---

लातूरची_ताई

वेळेचं कुणी बोललंच नाही. भाऊ, मृगापासून मागं मोजा.

मृग लागतो ७-८ जूनला. पंप दुकानात मेच्या मध्यात पाहिजे, म्हणजे मोटारी तुमच्या शेडात एप्रिलच्या अखेरीला. निंगबोहून न्हावा शेवा तीन आठवडे ते महिना, वर क्लिअरिंगचे आठ-दहा दिवस. म्हणजे मार्चच्या मध्यात तिथून निघायला पाहिजे. आता बघा, २०२६ ला त्यांचं नवं वर्ष १७ फेब्रुवारीला आहे. कामगार आठ-दहा दिवस आधीच गावी निघतात, आणि परत आल्यावर कारखाना गतीत यायला मार्चचा पहिला आठवडा उजाडतो. काही तर परत येतच नाहीत, नवे हात बसतात, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या मालात खोट जास्त निघते. हे माझं निरीक्षण आहे, कुठं लिहिलेलं नाही.

जानेवारीत पैसे भरून रांगेत नंबर लावा. फेब्रुवारीत जागे झालात तर माल आषाढात येईल, मग ठेवा पुढच्या वर्षाला.

---

सेलूकर

कँटन फेअरला (ग्वांगचौच्या व्यापारी जत्रेला) जाऊन समोरासमोरच बघितलं तर? ऑक्टोबरपासून कोलकाता-ग्वांगचौ थेट विमान पुन्हा सुरू झालंय म्हणतात.

---

मोंढा_नाका

झालंय, आणि जत्रा एप्रिल-ऑक्टोबर दोनदा भरते, १९५७ पासून. बघण्यासारखी आहे. पण ५०० मोटारींसाठी तिकीट काढलं तर मोटार ६०० ला पडेल.

---

जालन्याचा_फवारा (२१ डिसेंबर)

अपडेट. आयईसी निघालं. तिघांकडून सॅम्पल मागवले, लिली धरून. कुरिअरवाल्यानं केवायसी मागितली, दिली. तिन्ही मोटारी उघडून सील काढले आणि ताईंनी सांगितल्यावरून एक प्रयोग केला: तीन बाटल्यांत ईसी औषध, प्रत्येकात एक सील, आठ दिवस शेडच्या फळीवर. पोरांचा हात जाऊ नये म्हणून वर कवटी काढून ठेवली.

लिलीचं सील फुगून डबल झालं. व्हायटन म्हणून पाठवलेलं होतं. दुसऱ्याचं पण तसंच. तिसऱ्याचं जसंच्या तसं, पण त्याचा भाव २.९०.

लिलीला फोटो पाठवला, लाल बाण काढून. तिनं तीन दिवस उत्तर दिलं नाही. मग आलं, 'सॉरी डिअर, फॅक्टरी मिस्टेक, वी चेंज.'

---

मोंढा_नाका

२.९० वाला घ्या. २.९० म्हणजे २५५, वर भाडं, ड्युटी, खर्च, ३५५ च्या आसपास पडेल. मुंबईपेक्षा महाग. पण परत येणाऱ्या पंपाचा हिशोब तुमचा तुम्हालाच माहीत.

---

जालन्याचा_फवारा (१२ फेब्रुवारी)

तोच घेतला. ५०० नग. इन्व्हॉइसवर सीलचं नाव लिहून घेतलं, लाल शिक्का घेतला, जानेवारीत ३०% भरले. बिल ऑफ एंट्रीचं बँकवाल्या काकांनी सांगितलेलं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मागच्या वर्षी माझ्याकडं ६१ पंप परत आले होते, मोंढा दादा, तो हिशोब पण त्याच वहीत आहे.

आजपासून त्यांच्याकडं सुट्टी, २ मार्चपर्यंत कुणी फोन उचलणार नाही म्हणालेत. लिलीचा मात्र नव्या वर्षाच्या शुभेच्छांचा मेसेज आलाय, घोड्याचं चित्र असलेला. तिला पण उलट शुभेच्छा दिल्या.