‘पेशीमृत्यू’, ‘पेशीनाश’ की ‘पेशी झडणे’? मद्यामुळे मरणाऱ्या पेशींसाठी नेमका शब्द

विचारणा

एका आरोग्य पुस्तिकेच्या मसुद्यात वाक्य आहे: ‘मद्यसेवनाने यकृतातील पेशींच्या मृत्यूला चालना मिळते.’ इथे ‘चालना’ खटकते. शिवाय पुढे अपोप्टोसिस आणि नेक्रोसिस या दोन्हींना सरसकट ‘पेशीमृत्यू’च म्हटलंय. वेगळे शब्द वापरावेत का?

प्रतिसाद १

‘चालना’ काढाच. चालना उद्योगाला मिळते, संशोधनाला मिळते; जे वाढावं असं वाटतं त्याला मिळते. ‘मद्यामुळे पेशी मरू लागतात’ एवढं पुरे. आतली साखळी सांगायची असेल तर ‘मृत्यूची प्रक्रिया सुरू होते’.

प्रतिसाद २

दोन शब्द हवेतच, कारण घटनाच दोन आहेत.

अपोप्टोसिस हा शब्द १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांच्या निबंधातून रूढ झाला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गळून पडणं, झाडाची पानं गळतात तसं. आपल्याकडे ‘पानगळ’ आहेच, म्हणून ‘पेशी झडणे’ मला अगदी जवळचं वाटतं. यात पेशी आकसते, केंद्रकातला डीएनए ठरावीक लांबीच्या तुकड्यांत कापला जातो, आवरणाला फुगवटे येऊन पेशीच्या पुड्या बनतात आणि भक्षक पेशी त्या गिळून टाकतात. आतला ऐवज बाहेर सांडत नाही, त्यामुळे सहसा दाह होत नाही.

नेक्रोसिसमध्ये उलट. पेशी फुगते, आवरण फाटतं, आतली एन्झाइम आजूबाजूला सांडतात आणि दाह पेटतो. याला ‘पेशीनाश’ म्हणावं. ‘पेशीमृत्यू’ दोन्हींना सामावणारा शब्द म्हणून राखून ठेवा.

मद्य यकृतात दोन्ही घडवतं. एथेनॉलचं (मद्यातल्या अल्कोहोलचं) आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ॲसिटेट. मधलं ॲसिटाल्डिहाइड प्रथिनांना आणि डीएनएला चिकटतं. नेहमीच्या पिण्यात सीवायपी२ई१ हे एन्झाइम वाढतं आणि त्याच्या कामातून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. त्यांना आवरणारं ग्लुटाथायोन मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत, कमी पडलं की मायटोकॉन्ड्रियाचं आवरण गळू लागतं, सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येतं, त्यातून कॅस्पेज-९ आणि मग कॅस्पेज-३ ही प्रथिनं कापणारी एन्झाइम जागी होतात. पुढची कापाकापी कॅस्पेज-३ करतं. दुसरी वाट आतड्यातून येते. मद्यानं आतड्याचं अस्तर सैल झालं की जिवाणूंची विषद्रव्यं यकृतात पोचतात, तिथल्या कुप्फर पेशी (यकृतातल्या भक्षक पेशी) टीएनएफ-आल्फा हे संदेशवाहक प्रथिन सोडतात आणि ते शेजारच्या यकृतपेशीला बाहेरून मरणाचा संदेश देतं.

एक मेख आहे. झडण्याच्या या क्रमाला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. मायटोकॉन्ड्रियाच निकामी होऊन एटीपी संपलं, तर झडायला निघालेली पेशी अर्ध्यावर फुटते. म्हणजे एकाच यकृतात, एकाच कारणानं, दोन्ही शब्द लागू पडतात. मसुद्यात कोणती अवस्था सांगायची आहे ते पाहूनच शब्द घाला.

प्रतिसाद ३

‘झडणे’ला एक हरकत. त्वचेच्या मेलेल्या पेशीही झडतात, केसही झडतात. वाचक तेच समजेल. शीर्षकात आणि पहिल्या उल्लेखात ‘अपोप्टोसिस’च लिहा, ‘झडणे’ समजावताना वापरा.

‘पेशीची आत्महत्या’ मात्र कृपया नको. रुग्णाच्या हातात जाणारी पुस्तिका आहे, आणि पेशीला इच्छा नसते. ‘नियोजित मृत्यू’ही इथे बसत नाही. एका सूक्ष्म गोलकृमीच्या वाढीत १,०९० पेशींपैकी नेमक्या १३१ दर वेळी मरतात, त्याला नियोजित म्हणावं. मद्यामुळे मरणाऱ्या पेशीची यंत्रणा तिची स्वतःची असते, पण वेळ तिनं ठरवलेली नसते. ‘नियंत्रित मृत्यू’ चालेल.

प्रतिसाद ४

क्रियापदाबद्दल: ‘अल्कोहोल पेशी मारतं’ हे ७० टक्क्यांच्या निर्जंतुकाला शोभतं. तिथे प्रथिनं गोठतात, आवरण विरघळतं, सगळं थेट. रक्तात १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०८ टक्के अल्कोहोल असलं तरी माणूस चांगलाच अमलाखाली असतो. शेकडो पटींनी कमी. तिथे ‘अल्कोहोलमुळे पेशी मरतात’ असंच लिहावं.

गर्भाच्या मेंदूचं प्रकरण पुस्तिकेत असेल तर तिथे ‘विषबाधा’ शब्दानं अर्धी गोष्ट निसटते. एथेनॉल चेतापेशीला उत्तेजित करणारे एनएमडीए ग्राहक रोखतं आणि तिला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढवतं. जोडण्या बांधण्याच्या वयातल्या चेतापेशीला संदेश मिळेनासे झाले की ती झडते. २००० साली सात दिवसांच्या उंदरांच्या पिल्लांत हे स्पष्ट दिसलं. तिथे ‘संदेशांअभावी झडतात’ लिहा. प्रौढांबाबत ‘मेंदूच्या पेशी मरतात’ एवढंच लिहू नका. मेंदू आकसण्याचा काही भाग पेशींच्या फांद्या आखडल्यानं असतो आणि मद्य सोडल्यावर तो काही प्रमाणात भरून येतो.

विचारणा करणाऱ्याकडून

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलं: ‘मद्यामुळे यकृतातील काही पेशी आकसून झडतात (अपोप्टोसिस), तर काही फुगून फुटतात (नेक्रोसिस), फुटलेल्या पेशींमुळे यकृताला सूज येते.’

प्रतिसाद २

चांगलं झालं. फक्त ‘सूज येते’ऐवजी ‘दाह वाढतो’ करा. चरबी साचूनही यकृत मोठं होतं, आणि त्यालाही लोक सूजच म्हणतात.