158 गोल करूनही वंदना कटारिया दोन नंबरवरच का?

भुसावळचा मामा
परवा स्टेशनबाहेर चहा पिता पिता वाद झाला, तोच इथे टाकतोय. भारताची आजवरची भारी महिला हॉकी फॉरवर्ड कोण म्हटलं की सगळे डोळे झाकून राणी रामपाल म्हणतात. माझं मत वंदना कटारिया. 320 मॅच, 158 गोल, ती रिटायर झाली तेव्हा आपल्याकडे बायकांमध्ये एवढ्या मॅच दुसरं कोणीच खेळलेलं नव्हतं. 2009 ला टीममध्ये आली आणि 1 एप्रिल 2025 ला रिटायर झाली, तारीख बघून मला तर आधी वाटलं कोणीतरी एप्रिल फूल करतंय. टोकियोत साऊथ आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक, ऑलिम्पिकमध्ये भारतीय बाईची पहिलीच, मॅच 4-3 ने कशीबशी जिंकलो, तेव्हा कुठे क्वार्टर फायनलचं दार उघडलं. आणि हे सगळं मे महिन्यात वडील गेलेले असताना, कॅम्प बेंगळुरूला, घर हरिद्वारजवळ रोशनाबादला, शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही पोरीला. तरी राणी राणीच करायचं?

रावेरी केळी
मामा, गोल काय क्विंटलवर मोजून राह्यले का? केळीत पण नुसतं वजन बघत नाही व्यापारी, घड फिरवून फिरवून बघतो. त्या 158 मध्ये 2023 च्या एशियन गेम्समधली हाँगकाँगची मॅच पण आली ना, 13-0 वाली, वंदनाची हॅटट्रिक त्यात पण आहे. आता राणीचं बघा. 2010 चा वर्ल्ड कप, अर्जेंटिनात रोझारिओला, पोरगी 15 वर्षांची आणि 7 गोल! टोकियोचं तिकीट पण तिनेच काढलं. नोव्हेंबर 2019, भुवनेश्वर, अमेरिकेला पहिल्या मॅचमध्ये 5-1 ने हाणलं आणि दुसऱ्या दिवशी हाफटाइमलाच 0-4, म्हणजे सगळा हिशेब 5-5. 48 व्या मिनिटाला राणीने मारला आणि 6-5 ने गेलो आपण. तो एक गोल नसता तर मामा तुमच्या वंदनाची हॅटट्रिक झाली असती कुठे?

भुसावळचा मामा
हे बरंय, म्हणजे ज्याने गाडी स्टार्ट केली त्याचंच सगळं, आणि घाट चढवला त्याचं काहीच नाही.

तापीकाठ
खरं शे दोघांचं 😄 पण तुम्ही दोन वेगळ्या कामांची तुलना करताय. राणी बॉल घेऊन येणारी, मिडफिल्डमधून काढून डी पर्यंत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलापर्यंत आणणार, दोघींना चकवणार, पेनल्टी कॉर्नर मिळवून देणार. वंदनाचं काम पोस्टजवळचं. साऊथ आफ्रिकेविरुद्धचा पहिला गोल पुन्हा बघा, नवनीत कौर उजवीकडून पळत आली, क्रॉस टाकला आणि वंदनाने फक्त स्टिक लावली. लोक म्हणतात त्यात काय मोठं. अहो त्या ठिकाणी त्या सेकंदाला असणं हेच मोठं! मी शाळेत खेळलोय, आमचं ग्राउंड मुरमाचं, बॉल खड्यावर आपटला की कुठे उडेल देवाला ठाऊक, गोलजवळ उभं राहायला पोरं घाबरायची, नडगी फुटायची. डिफेंडर मागून ढकलतो, गोलकीपर पुढून अंगावर येतो, आणि तुम्ही स्टिक जमिनीला टेकवून थांबायचं. राणीला टीव्हीवर बघायला जास्त मजा यायची हे मात्र कबूल.

धुळेकर 18
दोघीपण ओव्हररेटेड. मेडल कुठेय? टोकियोत चौथे आलो, ब्राँझच्या मॅचमध्ये ब्रिटनविरुद्ध 3-2 ने पुढे असून 4-3 ने हरलो. पॅरिसला तर क्वालिफायच नाही.

रावेरी केळी
ओ धुळेकर, त्या मॅचमध्ये 0-2 वरून वर आलो होतो, दोन गुरजीतचे आणि तिसरा वंदनाचा. (बघा मामा, तुमची बाजू मीच मांडतोय.) आणि पॅरिसच्या क्वालिफायरला, जानेवारी 2024, रांची, वंदना होती का टीममध्ये? आधीच प्रॅक्टिसमध्ये गालाचं हाड मोडलं. जपानविरुद्ध 0-1 ने हरलो, एक गोल पाहिजे होता फक्त.

भुसावळचा मामा
हेच तर मी पहिल्यापासून सांगून राह्यलो! एक टॅप मारणारी नव्हती तिथे!

अमळनेरची ताई
तुम्ही सगळे गोल मोजताय, एक गोष्ट कोणीच काढली नाही. टोकियोत सेमीफायनल अर्जेंटिनाकडून हरलो त्या संध्याकाळी वंदनाच्या घरासमोर फटाके फोडले, जातीवरून शिव्या दिल्या, केस झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी ती ब्रिटनविरुद्ध गोल मारते. मला मोठी कोण ते माहीत नाही, पण राणीवर प्रेम करणं सोपं होतं लोकांना आणि वंदनावर नव्हतं, हे का, ते जरा विचारा स्वतःला.

रावेरी केळी
ताई राणी पण काही महालातून आलेली नाही, वडील गाडा ओढायचे हरियाणात शहाबादला. टोकियोनंतर दुखापत झाली तर नंतर टीममध्ये धड जागाच राहिली नाही तिला, 2024 ला सोडलं तेव्हा 28 नंबरची जर्सी रिटायर केली म्हणा. पण तुमचा मुद्दा खोटा नाही. फटाक्यांचं मी विसरलोच होतो.

धुळेकर 18
जात आणू नका खेळात.

अमळनेरची ताई
मी नाही आणली दादा. फटाकेवाल्यांनी आणली.

भुसावळचा मामा
माझी भाची फॉरवर्ड खेळते, नववीत आहे. तिला हा सगळा वाद वाचून दाखवला. म्हणे मामा, मला राणीसारखं खेळायचंय पण सर म्हणतात तू डी मध्येच थांब, फिरू नको. मग हसत म्हणे, आता कळलं सर कोणाच्या पार्टीचे आहेत. बाकी उन्हाळ्यात आमच्या भुसावळला सकाळी साडेनऊला ग्राउंड तापून तवा होतो, पोरी सहाला येतात, स्टिकच्या ग्रिपला घामाचा वास बसलाय तो धुतला तरी जात नाही.

तापीकाठ
ग्रिप नवी घ्या मामा, ती धुवायची नसते. आणि भाचीला कोणाची जर्सी घेणार, तेवढं सांगा.

भुसावळचा मामा
विचारलं तिला. म्हणे, आधी बूट घे.