उन्हाळ्यात फळमाश्यांच्या अळ्या का निघत नाहीत?

संत्रा_४४०: वर्तन-आनुवंशिकीच्या (जनुकांचा वागण्यावर काय परिणाम होतो त्याच्या अभ्यासाच्या) प्रकल्पासाठी फळमाश्या पाळल्यात. नागपूरचा मे. बाटलीत अंडी दिसतात, अळ्या नाहीत. कशामुळे?

फुटाळाकाठ: उष्म्यामुळे. ३० अंशांच्या आसपास नर वांझ होतात, म्हणून अंडी फळत नाहीत. कूलरच्या भरवशावर राहू नका, दमट हवेत खाद्याला बुरशी लागते. बीओडी इन्क्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारं प्रयोगशाळेतलं कपाट) २५ अंशांवर लावा. साधारण १० दिवसांत नवी पिढी निघते.

माशीवाला: पुढे वर्तन तपासताना, चढण्याच्या चाचणीसाठी (माश्या किती पटकन वर चढतात ते बघायला) नळीत १० माश्या घ्या, ठोकून तळाशी पाडा आणि १० सेकंदांत ८ सेंमीची खूण किती ओलांडतात ते मोजा. कार्बन डायऑक्साइडने गुंगवल्यावर एक दिवस जाऊ द्या, नाहीतर गुंगीलाच जनुकाचा दोष समजाल! चाचणीची वेळही रोज तीच ठेवा. माश्यांच्या शरीरात साधारण २४ तासांचं घड्याळ असतं. कोनोप्का-बेंझर या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये १९ आणि २८ तासांच्या लयीचे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या माश्या) दाखवलेच आहेत.

फुटाळाकाठ: आणि नर-माद्या वेगळ्या मोजा.