सैनिकांसाठी युद्धनिधी एकच असावा, शंभर नकोत. पटतंय का?

कोरा_कागद
युद्ध पेटलं की चार दिवसांत सैनिकांसाठी पैसे गोळा करणारे शंभर जण उभे राहतात. लोकांची भावना खरी असते, पैसाही भरभरून येतो, पण पुढे तो कुठे गेला हे कुणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे, निधी एकच ठेवा, सरकारी देखरेखीखाली, आणि ज्याला द्यायचंय त्याने तिथेच द्यावं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये इतक्या संस्था निघाल्या आणि त्यात इतके भामटे घुसले की 1916 साली कायदा करून नोंदणी आणि हिशेब सक्तीचे करावे लागले. आपल्याकडे 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी राष्ट्रीय संरक्षण निधी सुरू झाला, लोकांनी सोनंनाणं दिलं, तो आजही आहे आणि बजेटमधून त्याला काही मिळत नाही, सगळा देणग्यांवर चालतो. मग नवी खाती कशाला उघडायची?

उन्हाची_तिरीप
नाही पटलं. एकच मोठा निधी म्हणजे सुरक्षित असं का धरून चाललात? ब्रिटन रशियाशी लढत होतं त्या क्रिमियाच्या युद्धात, 1854 ला, राणी व्हिक्टोरियाच्या नावाने असाच एक मोठा निधी उभारला होता, दहा लाख पौंडांच्या वर जमले, विधवा आणि अनाथ मुलांसाठी. त्यातून लंडनजवळ वाँड्सवर्थला सैनिकांच्या मुलींसाठी भलीमोठी इमारत बांधली, आणि विधवांना मदत देताना त्यांचं वागणं "चांगलं" आहे ना तेही बघायचे. ज्या बाईचा नवरा लढाईत गेला तिने कमिटीला चारित्र्याचा दाखला द्यायचा? मोठ्या निधीत पैसा चोरीला जात नसेल कदाचित, पण देणारे साहेब होतात आणि घेणारी याचक.

काठावरचा
दोघांनाही घरातलं सांगतो. माझा चुलत भाऊ सीमेवर शहीद झाला तेव्हा वहिनी सव्वीस वर्षांची होती. दिवस होऊन जेमतेम आठवडा झाला असेल, टेबलावर सात फॉर्म पडलेले, सात ठिकाणचे. प्रत्येकाला मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत हवी, आता आमच्या हातात मूळ प्रत एकच ना, पासबुकावर नाव माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, म्हणून एकांनी मंजूर झालेले पैसे परत बोलावले. शेवटी भावाच्या युनिटमधले एक निवृत्त सुभेदार आले, काखेत निळी फाईल. दोन दुपारी बसले, प्रत्येक कागदाच्या दहा झेरॉक्स काढायला लावल्या, नावाचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, वहिनीला म्हणाले ताई तू फक्त सही कर, बाकी मी फिरतो. खिशातून एक रुपया दिला नाही त्यांनी, पण आमच्या घराला सगळ्यात मोठी मदत त्यांची झाली.

कोरा_कागद
दादा, वाचून वाईट वाटलं. पण हे माझ्याच बाजूचं आहे, निधी एक असता तर फॉर्मही एकच असता.

काठावरचा
फॉर्म एक हवा हे शंभर टक्के, पण त्यासाठी निधी एक कशाला? अमेरिकेत 1941 ला सैनिकांच्या सोयीसाठी सहा सेवाभावी संस्था यूएसओ या एकाच नावाखाली एकत्र आल्या, त्यात वायएमसीए आणि साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्था होत्या, कॅथलिक होते, ज्यू होते. कुणी आपलं काम बंद केलं नाही, सैनिकासमोर फक्त दार एक ठेवलं. तसं करा ना.

दुसरी_बाजू
तुम्ही सगळे गेलेल्यांबद्दल बोलताय, जो अजून खंदकात बसलाय त्याचं काय? 1914 च्या नाताळासाठी ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावाने निधी निघाला होता, प्रत्येक सैनिकाला पितळेची एक छोटी डबी, आत तंबाखू, सिगारेट, एक कार्ड. शीख सैनिकांना तंबाखू चालत नाही हे लक्षात ठेवून त्यांच्यासाठी खडीसाखर आणि मसाल्याची डबी ठेवली होती. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, समोरचा माणूस कोण आहे याचा विचार करून दिलेलं आहे ते. पण तेच पितळ काडतुसांनाही लागत होतं, त्यामुळे कित्येकांना डबी फार उशिरा मिळाली, निधीचं काम 1920 पर्यंत चाललं. सांगायचा मुद्दा, लोकांना वस्तू पाठवायला आवडतं, पण वस्तू पोचवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. रोख पाठवा.

उन्हाची_तिरीप
वस्तूंना सरसकट नाही म्हणू नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या अमेरिकन सैनिकांना रेडक्रॉस डोनट आणि कॉफी फुकट द्यायची, 1942 ला त्याचे पैसे घ्यायला लागली, कारण ब्रिटिश सैनिकांना त्यांच्या कँटीनमध्ये पैसे पडायचे आणि अमेरिकन लष्करानेच तशी विनंती केली होती. कारण बरोबर होतं, रक्कम किरकोळ होती, पण त्या पिढीतल्या कित्येकांनी शेवटपर्यंत रेडक्रॉसला माफ केलं नाही. एका डोनटची एवढी किंमत असते तिथे.

दुसरी_बाजू
हे मान्य. मग एक वेगळं विचारते. ज्याचा फोटो टीव्हीवर दिसतो त्याच्या घरी पैशांचा ओघ लागतो, आणि महिनाभराने जो जातो त्याच्याकडे कुणी फिरकत नाही, पाय गमावून परत आलेल्याचं तर नावही निघत नाही. यावर निधी गोळा करणारे काय करणार?

कोरा_कागद
त्यासाठी मर्यादा घालता येते. गृहमंत्रालयाच्या 'भारत के वीर' मध्ये 2017 पासून निमलष्करी दलातल्या शहीद जवानाच्या वारसाच्या खात्यात थेट पैसे देता येतात, आणि एका कुटुंबाला 15 लाखांची मर्यादा ठेवली, त्यापुढचा पैसा दुसऱ्या जवानाच्या खात्यात नाहीतर सामायिक निधीत वळवायचा. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. थेटही जातं आणि वाटूनही जातं. आणि थेट देण्याला माझा विरोध होता तो मी मागे घेतो. पण हिशेब न दाखवणाऱ्याला एक पैसाही गोळा करू देऊ नये, यावरून हटणार नाही.

काठावरचा
त्यावर वादच नाही. फक्त हिशेबात किती जमले एवढंच नको, घरी किती दिवसांत पोचले तेही लिहायला लावा. वहिनीला पहिली रक्कम पाचव्या महिन्यात मिळाली, पोराची फी तिसऱ्यात भरायची होती.